सव्वाचार मिनिटं

केंद्रातल्या नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास कळत नसे. शिपाई दारातून डोकावून विचारायचा, "सव्वाचार आल्या का?" आणि कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून भाबडेपणानं सांगायचं, "नाही अजून. आत्ता कुठे अकरा वाजलेत." मग सगळा वर्ग हसे. जिचं नाव सव्वाचार पडलं होतं तीही हसे, पण मान वर न करता.

तिच्यासमोर एक कलती फळी असे. फळीवर खिळे, आणि खिळ्यांमधून वाट काढत जाणाऱ्या सदतीस तारा. लाल, काळ्या, करड्या, हिरवी रेघ असलेली पिवळी, पिवळी रेघ असलेली हिरवी. या शेवटच्या दोघींपाशी भल्याभल्यांची फसगत होई. प्रत्येक तार आपापल्या खिळ्याला वळसा घालून न्यायची, टोक आपापल्या टोपणात टक् आवाज होईपर्यंत खुपसायचं, मग सगळ्यांना मिळून चिकटपट्टी गुंडाळायची. फळीवरून उचलला की झाला एक जुडगा. मोटारीच्या दाराच्या पोटात, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी तो बसतो. असा एक जुडगा ती सव्वाचार मिनिटांत करत असे. दोन सेकंद इकडे नाहीत की तिकडे नाहीत.

केंद्र वस्तीपासून लांब, सपाट केलेल्या माळावर होतं. सरकारनं तिथे डांबरी रस्ते आखले होते, कोपऱ्याकोपऱ्यावर दिव्यांचे खांब रोवले होते, उंच पाण्याची टाकी बांधली होती. भूखंडांना नंबर होते; कारखाने नव्हते. परदेशातल्या कंपन्यांनी यावं, इथल्या पोरींना आणि पोरांना कामं मिळावीत, यासाठी ही सगळी मांडामांड. रस्ते दाखवता येत होते, पाणी दाखवता येत होतं. इथली माणसं कामाला कशी आहेत हेही दाखवायला हवं, म्हणून केंद्र काढलं आणि त्यात सहा आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. पहिल्याच वर्गात ती दाखल झाली, तेव्हा तिला सव्विसावं लागलं होतं.

तिचा नवरा टाकीवर रखवालदार होता. नळ्या गंजू नयेत म्हणून रोज सकाळी तासभर रिकाम्या भूखंडांचं पाणी सोडायचं, हे त्याचं काम. "मी पाणी सोडतो, तू तारा जोडतेस," तो म्हणायचा. "कारखाना तेवढा कुणीतरी आणा म्हणावं."

पहिले पाहुणे आले तेव्हा तिला शिकायला लागून आठ महिने झाले होते. केंद्रात परदेशी माणसांना पाहुणेच म्हणत. बरोबरच्या एकोणीस जणी सहा आठवड्यांनी प्रमाणपत्र घेऊन गेल्या होत्या, कुणी शहरात, कुणी सासरी, कुणी दुकानात. हिचा हात चांगला म्हणून केंद्राच्या साहेबांनी हिला ठेवून घेतलं होतं. पाहुण्यांपैकी एकानं तिचे हात बराच वेळ पाहिले आणि दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "विचारतायत, या बाई किती दिवस शिकतायत?"

साहेबांनी एक श्वास घेतला. "सहा आठवडे," ते म्हणाले.

पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या. ते समाधानानं एकमेकांकडे बघू लागले. पाहुणे परत गेले, "कळवतो" म्हणाले आणि त्यांनी काही कळवलं नाही. पण त्या वर गेलेल्या भुवया साहेबांच्या मनात घर करून राहिल्या. त्यानंतर ती कायमची सहा आठवड्यांची झाली.

दर वर्षी नव्या वर्गाच्या हजेरीपटावर पहिलं नाव तिचं. निळा डगला नवा मिळे, कारण जुना विटलेला दिसायला नको. तिसऱ्या वर्षी तिची वेळ सव्वाचार मिनिटांवर येऊन थांबली. सातव्या वर्षी साहेब तिला बाजूला घेऊन अवघडून म्हणाले, "ताई, ते कानापाशी जरा पांढरं दिसायला लागलंय." तिनं घरी जाऊन केस काळे केले. धाकटी जाऊ दारात उभी राहून बघत होती. "बरं आहे तुमचं ताई," ती म्हणाली. "आम्ही दर वर्षी म्हाताऱ्या होतो, तुम्ही दर वर्षी पहिलीत बसता."

पाचव्या वर्षी शहरातल्या एका कारखान्यात जागा निघाल्या होत्या. नवऱ्यानं फिरत्या नोकरीवरच्या कुणाकडून तरी अर्ज आणला. अर्जासोबत प्रमाणपत्र जोडायचं होतं. ती साहेबांच्या खोलीत गेली. खोली लहान होती. एक टेबल, दोन कपाटं, आणि भिंतीवर सगळ्या भूखंडांचा नकाशा, ज्यावर टाचण्या लावायला जागाच जागा होती.

"प्रमाणपत्र दिलं की तुम्ही शिकाऊ राहत नाही, ताई," साहेब म्हणाले. "कागदोपत्री तुम्ही बाहेर. मग मी दाखवू काय? रस्ते?"

"दुसऱ्या मुली आहेत की साहेब."

"त्या आठ मिनिटं घेतात. आठ मिनिटं जगात सगळीकडेच घेतात. आठ मिनिटांसाठी एवढ्या लांब कोण येईल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक वर्ष थांबा. कारखाना आला की पहिली नेमणूक तुमची. शिकवणारी म्हणून."

साहेब वाईट नव्हते. हे तिला नेहमी अडचणीचं वाटे. वाईट असते तर भांडता आलं असतं. त्यांनीही चार वेळा बदली मागितली होती आणि चारही वेळा वरून उत्तर आलं होतं की आधी एखादी कंपनी आणून दाखवा. दुपारी ते डब्यातलं अर्धं जेवण परत झाकून ठेवत आणि पोटावर हात ठेवून नकाशाकडे बघत बसत. अर्ज तिनं घडी घालून आणला तसा परत नेला. वाटेत दुकानदारानं हटकलं, "काय ताई, या खेपेचे पाहुणे तरी ठरल्यासारखे आहेत का?" सगळे तिलाच विचारत, जणू ती घरात लग्न ठरवत बसली होती.

अकराव्या वर्षी पाहुण्यांत एक बाई आली. केस आखूड, पांढरे, न रंगवलेले. आधीचे पाहुणे हसत, टाळ्या वाजवत, फोटो काढत. ही हसली नाही. हिनं खिशातून थांबघड्याळ काढलं, चष्मा पुसला आणि सव्वाचारच्या कोपरापाशी खुर्ची ओढून बसली. एक जुडगा झाला. बाईनं बोटानं खूण केली, पुन्हा. दुसरा झाला. पुन्हा. चार पंधरा, चार चौदा, चार सोळा. मग बरोबरच्या माणसानं छोटा कॅमेरा तिच्या हातांवर धरला, फक्त हातांवर. हे सगळं झाल्यावर बाईनं साहेबांना विचारलं नाही. तिच्याकडे वळून, तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, आणि दुभाष्यानं तेच मराठीत विचारलं, "किती दिवसांत शिकलात?"

आजवर हे उत्तर तिला स्वतःला कधी द्यावं लागलं नव्हतं. साहेब द्यायचे, ती तारांकडे बघत राहायची. आता साहेब दाराशी उभे होते आणि त्यांचा हात पोटावर होता.

"सहा आठवडे," ती म्हणाली.

या वेळी कळवलं. पत्र आलं, मग यंत्रं आली, मग सात नंबरच्या भूखंडावर पांढऱ्या पत्र्याची लांबलचक शेड उभी राहिली. नवऱ्यानं सोडलेलं पाणी पहिल्यांदा कुणाच्या तरी नळाला गेलं. साहेबांनी नकाशावर टाचणी लावली आणि सगळ्यांना बोलावून ती दाखवली.

भरतीचा कागद केंद्राच्या दारावर लागला: वय अठरा ते अठ्ठावीस, केंद्राचं प्रमाणपत्र आवश्यक. तिला सदतीसावं सरत आलं होतं, आणि प्रमाणपत्र नव्हतं.

"शिकवणारीची जागा पुढच्या टप्प्यात," साहेब म्हणाले. "मी बोलतो." ते खरंच बोलले असतील. पण कंपनीनं शिकवायला आपली माणसं आणली होती, आणि केंद्राला अजून सहा नंबरच्या भूखंडासाठी पाहुणे हवे होते.

धाकटी जाऊ मात्र लागली. ती चोवीस वर्षांची, तोंडानं तिखट, हातानं चपळ, आदल्याच वर्षी केंद्रातून बाहेर पडलेली. बायकोला इथेच काम लागलं म्हणून धाकटा दीर शहरातली नोकरी सोडून परत आला; सहा वर्षं तो वर्षातून दोनदा घरी यायचा, आता रोज जेवायला घरी असे. त्यांच्या मुलीनं आठवडाभर त्याला पाहुणाच समजून पाण्याचा पेला नेऊन दिला. घरात चार खोल्या होत्या त्या पहिल्यांदाच भरल्यासारख्या वाटल्या. तो कारखान्यातच माल चढवायला लागणार होता, पण त्याला अट होती: आधी बायको कायम व्हायला हवी. एका घरातला एक पक्का झाला की दुसऱ्याचा विचार.

पहिल्या दिवशी धाकटी कामावरून आली ती थेट मोरीत गेली. तिथे सव्वाचार भांडी घासत होती. धाकटी तिच्या हातांकडे बघत उभी राहिली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. तुमचे हात भिंतीवर लावलेत."

"म्हणजे?"

"आमच्या ओळीसमोर भला मोठा पडदा आहे. त्यावर दिवसभर हात चालू असतात. तोंड नाही, माणूस नाही. सगळ्या म्हणत होत्या की हे तिकडच्या बाईचे हात असणार. म्हटलं, तिकडची बाई कशाला, हे हात तर माझ्याशेजारी रोज कढई खरवडतात." मग ती खाली बसली आणि एक ताट उगाच विसळू लागली. "त्याखाली लिहिलंय, सहा आठवड्यांच्या शिकाऊ कामगाराचा वेग. म्हणून तर तुमचं नाव कुणाच्या मनात आलं नाही. आम्हाला पंधरा सेकंदांची सवलत दिलीय. साडेचार मिनिटं. सहा आठवड्यांत जमलं तर कायम, नाही तर घरी."

सव्वाचारच्या हातातला काथ्या थांबला. कंपनीनं आपल्या हातांवरून लोकांची मापं काढली, हे तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी घरात फळी आली. दिरानं जुन्या दाराची फळी कापून तिला खिळे ठोकले, तारांऐवजी रंगवलेल्या सुतळ्या घेतल्या. कामावरून आल्यावर दोघी जावा मागच्या खोलीत खिडकीपाशी बसत. पहिल्या आठवड्यात धाकटी आठ मिनिटांवर होती. मग सात, मग साडेसहा.

"डावा हात रिकामा ठेवू नकोस. उजवा खुपसतोय तोवर डाव्यानं पुढची धरायची."

"डाव्याला डोळे नाहीत माझ्या."

"येतात डोळे."

"कधी?"

यावर सव्वाचारकडे उत्तर होतं, पण ती ते देत नसे.

पाचव्या आठवड्यात धाकटी पावणेसहावर होती आणि अडकली होती. बोटांच्या टोकांना चिकटपट्टीनं कातरे पडले होते. कारखान्यातल्या साठ जणींत साडेपाचच्या खाली कुणीच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मुली पडद्याकडे पाठ करून बसत. "कोण आहे ही सटवी," एक जण म्हणाली होती, "हिच्या बोटांना मुंग्या का येत नाहीत?" धाकटीनं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "मी गप्प बसले. काय सांगू, की सटवी माझी जाऊ आहे?"

दुसऱ्या दिवशी सव्वाचार साहेबांच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

"साहेब, त्यांना खरं सांगा."

साहेबांना काय ते विचारावं लागलं नाही. त्यांच्यापुढे कंपनीचं पत्र होतं. अपेक्षित कौशल्य कामगारांत आढळत नाही. ती बाई पाहणीला येते आहे. गरज पडल्यास शेड दुसरीकडे हलवण्याचा विचार होईल.

"सांगतो," साहेब म्हणाले. "सांगतो की अकरा वर्षं आम्ही तुम्हाला आणि तुमच्याआधीच्या बावीस मंडळींना एकच थाप मारली. मग ते काय करतील? मुलींना जास्त वेळ देतील, की यंत्रं उचलतील?"

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही, ताई. म्हणून तर झोप नाही." त्यांनी पत्राची कड सरळ केली. "त्यांचं म्हणणं आहे, ते हात पुन्हा एकदा बघायचेत. कारखान्यातच. सगळ्यांसमोर."

अकरा वर्षं ज्या कारखान्यासाठी ती बसली होती, त्याच्या फाटकातून ती पहिल्यांदा आत गेली ती वहीत सही करून, गळ्यात अभ्यागत लिहिलेली पट्टी अडकवून. आत थंड होतं. दिवे इतके पांढरे की कशालाच सावली नव्हती. दोन्ही बाजूंना फळ्यांमागे मुली उभ्या, त्यातल्या बऱ्याच तिच्याच वर्गात शिकून गेलेल्या. समोर पडद्यावर तिचे हात चालू होते. मुलींनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि ओळीतून एक कुजबुज शेवटपर्यंत गेली. धाकटी बाराव्या फळीपाशी होती. तिनं मान खाली घातली.

येताना रस्ताभर सव्वाचारनं मनाशी पक्कं केलं होतं. बोलायचं काही नाही, फक्त सावकाश करायचं. सात मिनिटं लावायची. वय झालं, हात जड झाले, म्हणू देत. मग बाई स्वतःच म्हणेल की साडेचार जास्तच होतं. खोटं उघडं न पडता खोटं मागे घेता येईल.

बाईनं घड्याळ दाबलं.

सव्वाचारनं लाल तार उचलली आणि मुद्दाम क्षणभर हवेत धरली. तेवढ्यात डाव्या हातानं काळी उचललेली होती. तिनं डावा हात थांबवला, तर उजव्यानं लाल खुपसून टाकली. टक्. करडीपाशी तिनं चुकायचं ठरवलं. बोटं चुकीच्या खिळ्याकडे गेलीच नाहीत. एखाद्याला आपलंच नाव चुकीचं सांगायला लावावं आणि जीभ वळू नये, तसं झालं. हिरव्या रेघेची पिवळी, पिवळ्या रेघेची हिरवी. टक्, टक्. ती आतून थांबा, थांबा म्हणत होती आणि हात तिचं काही ऐकत नव्हते. तिनं पट्टी गुंडाळून जुडगा उचलला.

बाईनं घड्याळ मुलींच्या दिशेनं वळवून धरलं. चार वीस.

मुलींचे चेहरे तिला बघवले नाहीत. बारावी फळी तर तिनं पाहिलीच नाही. बाई साहेबांशी काहीतरी बोलली, दुभाष्यानं ते ओळीला सांगितलं, "म्हणतायत, जमतं ते जमतं. तुम्ही मेहनत कमी करताय."

"अकरा वर्षं," सव्वाचार म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. दुभाष्यानं ऐकलं आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब जमिनीकडे बघत होते. बाईनं विचारलं, काय म्हणाल्या त्या? दुभाष्याचे ओठ नुसतेच हलले. तेव्हा सव्वाचारनं दोन्ही हात वर केले, दहाही बोटं पसरून, मग मुठी मिटून एकच बोट. बाईनं बोटं मोजली आणि दुभाष्याकडे वळली. तो तिच्या भाषेत दोन शब्द बोलला.

बाईनं पहिल्यांदाच मान हलवली, समजल्यासारखी. वही काढून त्यात एक आकडा लिहिला, खाली रेघ मारली.

सव्वाचारला वाटलं, संपलं. कारखाना जाणार. तरी कितीतरी वर्षांनी श्वास पुरेसा येत होता. फाटकापर्यंत तो तसा आला.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात सूचना लागली. पूर्वी कळवलेल्या माहितीत चूक आढळल्यानं शिकाऊ काळ सहा आठवड्यांऐवजी अकरा आठवडे करण्यात येत आहे. वेगाची अट तीच राहील. यापुढे मुदतवाढ मिळणार नाही.

ती दुभाष्याला गाठायला केंद्राच्या पायऱ्यांवर थांबली. तो मोटारीत बसतच होता. "मी आठवडेच म्हणालो," तो म्हणाला. तिनं विचारायच्या आधीच. "तुमची बोटं अकरा होती, ती मी बदलली नाहीत. वर्षं म्हणालो असतो तर साहेब गेले असते, मी गेलो असतो, आणि त्या साठ जणी त्याच दिवशी घरी. पाच आठवडे मिळाले ना? घ्या की." आणि काच वर करता करता म्हणाला, "यापुढे कुणी विचारलं तर अकरा सांगायचं. साहेबांनाही सांगितलंय."

घरी मागच्या खोलीत धाकटी आधीच फळीपुढे बसली होती. सुतळ्यांचा रंग उडून सगळ्या जवळजवळ एकाच रंगाच्या झाल्या होत्या. ती आता जागेवरून ओळखत होती. बाहेर दीर मुलीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता. मुलगी हसत होती. तो खिडकीवरून जाताना मात्र आत बघत नव्हता.

"ताई, एक विचारू?" धाकटी म्हणाली. "खरं सांगायचं."

"विचार."

"अकराव्या आठवड्यात तुमची वेळ किती होती?"

सव्वाचारनं तिच्याशेजारी बसकण मारली. हे तिला चांगलं आठवत होतं. त्या दिवशी तिनं घरी येऊन नवऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

"सव्वासात," ती म्हणाली.

धाकटीनं बोटांवर हिशेब केला. "मी पावणेसहा."

"हो."

"म्हणजे मी तुमच्याहून चांगली आहे."

"खूपच."

"आणि पाच आठवड्यांनी घरी."

सव्वाचारनं धाकटीचा डावा हात धरून फळीवर ठेवला, कातरे पडलेली बोटं एकेक करून सरळ केली आणि पहिली सुतळी त्यांच्यात दिली. धाकटीनं हात सोडवून घेतला नाही.

"त्यांना जाऊन सांगा ना," ती म्हणाली. "सव्वासात. एवढंच सांगा."

"कुणाच्या तोंडानं सांगू?"

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं; दीर पुन्हा तिथून जात होता. तिनं सुतळी खिळ्याला वळवली आणि दुसरीसाठी, न बघता, डावा हात पुढे केला. तो चुकीच्या सुतळीवर पडला.

"पुन्हा," सव्वाचार म्हणाली.